तुईना घरच्या घरी: चिनी मालिशीचा हात कसा बसवायचा

सुझौच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा तुईनाच्या टेबलावर पालथा पडलो, तेव्हा डॉक्टरीणबाई दर अर्ध्या मिनिटाला एकच शब्द विचारत होत्या: "स्वान?" चिनीत स्वान म्हणजे आंबट. दुभाषी म्हणून आलेला सहकारी भाषांतर करून मोकळा झाला आणि मी बुचकळ्यात पडलो. दुखतोय खांदा, त्यात आंबट काय असणार? तेवढ्यात बाईंचा अंगठा खांद्यात नेमक्या जागी रुतला आणि मला आजी आठवली. दिवसभर भात लावून घरी आली की ती म्हणायची, "अंग आंबलंय गं नुसतं." बाई तेच विचारत होत्या. आंबलंय का?

चिनी मालिशीचं निम्मं तंत्र या एका शब्दात आहे, आणि तो आपल्याकडे आधीपासून आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुईनात दाबाखाली काय वाटतं याला चार शब्द आहेत. स्वान म्हणजे आंबणं. जांग म्हणजे आतून भरून आल्यासारखं, तट्ट वाटणं. मा म्हणजे मुंग्या. थोंग म्हणजे दुखणं. घरी करताना पहिले दोन हवेत. मुंग्या आल्या तर बोट बहुधा एखाद्या नसेवर आहे, जरा सरकवा. आणि समोरचा श्वास रोखून धरतोय, खांदे कानाकडे नेतोय, म्हणजे थोंग सुरू झालं, दाब निम्मा करा. "जेवढं दुखेल तेवढं चांगलं" हा आपल्याकडचा लाडका समज तुईनात चालत नाही.

तुई म्हणजे ढकलणं, ना म्हणजे मुठीत पकडून उचलणं. नाव तसं अलीकडचं, मिंग काळातलं, आणि तेव्हा ते मुख्यतः लहान मुलांच्या मालिशीसाठी वापरलं जाई. त्याआधीचा शब्द आनमो, म्हणजे दाबणं-चोळणं. तो आजही दुकानांच्या पाट्यांवर दिसतो. थांग राजवटीत (६१८ ते ९०७) दरबारी वैद्यकखात्यात मालिशीचा वेगळा विभाग होता. आजच्या चीनमध्ये 'ॲक्युपंक्चर आणि तुईना' अशी पाच वर्षांची पदवी असते आणि चिनी वैद्यकाच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभागासारखाच तुईना विभाग असतो. नंबर लावायचा, केसपेपर घ्यायचा, बाकावर बसायचं. अगरबत्ती नाही, बासरीचं संगीत नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा मोबाईलवर बातम्या ऐकत असतात.

जोर नको, वजन हवं

मी तिथे तीन वर्षं होतो. नंतर एका संध्याकाळच्या वर्गात थोडं शिकलोही, आणि पहिले दोन महिने आम्हाला कोणाच्या अंगाला हात लावू दिला नाही. प्रत्येकाला तांदळाची एक पिशवी दिली होती, तिच्यावर हात चालवायचा. चीनमध्ये तुईनाचे विद्यार्थी वाळूच्या किंवा तांदळाच्या पिशवीवरच शिकतात. तुम्हालाही पहिली पायरी म्हणून मी हेच सांगेन, आणि ती गाळू नका.

जुन्या सुती पँटचा पाय मांडीपासून वीत-दीड वीत कापा, एक टोक शिवून टाका, रेशनचे तांदूळ ठासून भरा, दुसरं टोक सुतळीने घट्ट बांधा. सुरुवातीला पिशवी दगडासारखी कडक हवी. दोन आठवड्यांनी थोडे तांदूळ काढून ती सैल करा, पुढे आणखी सैल. कडक पिशवी लय शिकवते. सैल पिशवी माणसाच्या मांसासारखी हाताखालून निसटते आणि हात एका जागी ठरवायला शिकवते. रोज दोन्ही हातांनी दहा-दहा मिनिटं.

पिशवीवर शिकायचं ते मुख्यतः गुन-फा, म्हणजे लोळवण्याची हातोटी. १९४० च्या दशकात शांघायच्या डिंग जीफंग यांनी ती घडवली. त्यांच्या घराण्याची मूळ विद्या अंगठ्याची होती: यी-ज-चान, 'एका बोटाचं चान'. हा चान शब्द आपल्या 'ध्यान'वरून तिकडे गेलेला, म्हणजे बोटाच्या टोकावर ध्यान. पण अंगठ्याचा स्पर्श सुपारीएवढ्या जागेचा, आणि डिंग यांना पाठ-कंबर-मांडीसाठी रुंद, मऊ स्पर्श हवा होता. त्यांनी हाताची मागची बाजू वापरली.

करायचं असं. हात सैल ठेवा, बोटं अर्धी मिटलेली, मुठीत पेढा आहे आणि तो चुरगळायचा नाही अशी. करंगळीच्या मुळाचं हाड आणि त्याखालची तळव्याची मांसल कड पिशवीवर टेकवा. कोपर अंगापासून वीतभर लांब, खांदा खाली सोडलेला. आता कोपरापासूनचा हात फिरवत, हाताची पाठ साधारण मधल्या बोटापर्यंत पिशवीला लागेल इतकी पुढे लोळवा आणि तशीच परत आणा. पुढे जाताना वजन जास्त, परतताना कमी. पाठ्यपुस्तकं तीनास एक असं प्रमाण देतात. हात घासायचा मात्र नाही. लाटणं पोळीवर फिरतं, पोळीला खरवडत नाही, तसं. चांगल्या तुईनावाल्याच्या हाताखाली कातडी लाल होत नाही, कारण तिच्यावर काही घासलंच जात नाही.

पुस्तकातली गती मिनिटाला १२० ते १६०. माझ्या कानाला ती भजनात टाळ चढायला लागतात तेव्हाची वाटते. नवख्याने शंभरावर सुरू करावं. गती वाढवण्याच्या नादात मनगट ताठ झालं तर सगळं मुसळ केरात, कारण ताठ मनगटातून जोर जातो आणि सैल मनगटातून वजन. जोर दोन मिनिटांत संपतो आणि समोरच्याला खुपतो. वजन अर्धा तास देता येतं. चिनी शिक्षक हातात चार गुण मागतात: टिकाऊपणा, ताकद, सारखेपणा आणि मऊपणा. हे चार जमले की पाचवा आपोआप येतो, खोलवर पोचणं. यात ताकद असली तरी आमच्या वर्गात सगळ्यात चांगला हात एका पंचेचाळीस किलोच्या मुलीचा होता.

बाकीच्या हालचाली आपल्या स्वयंपाकघरातल्या हातांना जवळच्या आहेत. रोउ म्हणजे कणीक तिंबणं. फरक एवढा की बोट कातडीवरून घसरू द्यायचं नाही, कातडीला सोबत घेऊन फिरायचं. ना म्हणजे अंगठा एकीकडे आणि चार बोटं दुसरीकडे ठेवून मांस उचलणं आणि सोडणं. ते सपाट बोटांनी करायचं, टोकांनी केलं तर चिमटा बसतो. त्स्वो म्हणजे दोन तळव्यांमध्ये हात धरून रवी घुसळल्यासारखं फिरवणं. थोपटणं हातावर भाकरी करणाऱ्या कुणालाही शिकवायला नको. तळवा पोकळ, आवाज भरीव.

हात लावण्याआधी विचारायचं

ही पायरी लोक उरकून टाकतात, म्हणून जरा थांबतो. मान-पाठ दुखतेय असं सांगणाऱ्याला आधी हे विचारा: पडला-झडला होतात का? ताप आहे का? हातापायात जोर कमी झालाय, पेला निसटतोय, असं आहे का? चक्कर येते का? लघवी-शौचावरचा ताबा बिघडलाय का? रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का? विनाकारण वजन उतरलंय का? एकाचंही उत्तर हो आलं तर मालीश नाही, डॉक्टर. छाती, डावा हात किंवा जबडा दुखतोय, घाम फुटलाय, तर विचारत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

हाडं ठिसूळ झालेली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, कर्करोगाचे उपचार चालू, त्या जागी जखम, नागीण किंवा गजकर्ण, ताजी मुरगळ: यांना घरचा हात नको. एक पोटरी सुजलेली, गरम, लाल आणि दुखरी असेल तर ती चुकूनही रगडू नका. शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर हे विशेष लक्षात ठेवा. गरोदर बाईच्या पोटाला-कंबरेला हात लावायचा नाही, आणि परंपरेने तिला वर्ज्य मानलेले तीन बिंदूही टाळायचे: अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला ह-गु, खांद्यावरचा ज्यान-जिंग आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा सान-यिन-ज्याओ.

आणि मान मोडायची नाही. तुईनात सांधा झटक्याने फिरवण्याची विद्या आहे, पण ती तपासणी करून, शिकलेल्या माणसाने वापरायची. भारतात परतल्यावर 'चायनीज मसाज' अशी पाटी लावलेल्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथल्या पोराने एक शब्द न विचारता माझी हनुवटी धरली आणि कडकन मान फिरवली. आवाज मोठा आला, त्याला समाधान वाटलं, आणि मी आठवडाभर पट्टा लावून फिरलो. मी स्वस्तात सुटलो. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. आपल्याकडे न्हावीदादाही केस कापून झाल्यावर प्रेमाने मान मोडतात. त्यांनाही हात जोडून नको म्हणा.

मान आणि खांदे: वीस मिनिटांचा एक हप्ता

घरी सर्वांत उपयोगी पडतो तो हाच भाग. लॅपटॉपवाल्यांना, दुचाकीवर रोज दोन तास घालवणाऱ्यांना, बाळाला दूध पाजणाऱ्या आयांना.

पाठीची खुर्ची उलटी ठेवा. बसणाऱ्याने पाठीकडे तोंड करून बसायचं, त्या पाठीवर उशी, उशीवर हात आणि हातांवर कपाळ. जेवून तासभर तरी झालेला असावा. तुमची नखं कापलेली, अंगठ्या-कडी काढलेली, हात कोमट. तेल नको. तुईना बहुतेक वेळा कपड्यावरून किंवा सुती फडकं पसरून करतात, आणि त्यासाठी आपल्या पंचाइतकं चांगलं कापड दुसरं नाही. तेलाने हात घसरतो आणि आपल्याला घसरायचं नाहीये. उघड्या कातडीवर चोळायची वेळ आली तर चीनमध्ये आल्याचा रस किंवा टाल्कम पावडर घेतात.

आधी दोन्ही तळवे खांद्यांवर नुसते ठेवा. चार-पाच श्वास जाऊ द्या. हातांखाली खांदे थोडे खाली उतरतात, ते जाणवलं की सुरू करा. तळव्याच्या टाचेने मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत तिंबत जा आणि परत या. दोन-तीन मिनिटं, हलक्या हाताने. हे जमीन भिजवणं आहे, नांगर नंतर.

मग गुन-फा. मान आणि खांद्याच्या मधल्या मांसल उतारावर प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं हात लोळवा. मणक्याच्या हाडांवर नाही, मानेच्या पुढच्या बाजूला तर कधीच नाही; तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत आणि त्या दाबल्या तर माणूस भोवळ येऊन पडू शकतो. एका जागी पंधरा-वीस वेळा, मग अर्धं बोट पुढे. हाताला मध्येच गाठीसारखं काही लागेल. तिच्यावर तुटून पडायचा मोह होतो. पडू नका. तिच्या कडेकडेने फिरा, दोन वेळा पुढे जाऊन परत या. बऱ्याचदा तिसऱ्या खेपेला गाठ आपणहून सैल झालेली असते.

आता ना. दोन्ही हातांनी दोन्ही खांद्यांचं मांस पकडा, उचला, क्षणभर धरा, हळू सोडा. दहा-पंधरा वेळा. उताराच्या मधोमध ज्यान-जिंग आहे, अर्थ 'खांद्याची विहीर'. तिथे अंगठ्याने सरळ खाली दाब द्या. तो टेकवून मग अंगाचं वजन हळूहळू त्यावर आणायचं, खुपसायचा नाही. विचारा: आंबलं का? हो आलं की दाब तिथेच थांबवा, दहा-पंधरा सेकंद धरा आणि जितक्या हळू आत गेलात तितक्याच हळू बाहेर या. दाब एकदम सोडला की स्नायू दचकतो आणि केलेलं फुकट जातं.

पुढचा बिंदू फंग-छ, 'वाऱ्याचं तळं'. कवटीच्या मागच्या कडेखाली, मानेच्या मागच्या जाड स्नायूंच्या बाहेरच्या बाजूला दोन्हीकडे एकेक खळगा लागतो. एक हात कपाळाला आधाराला द्या, दुसऱ्या हाताचा अंगठा एका खळग्यात, मधलं बोट दुसऱ्यात, आणि दाब वर, डोळ्यांच्या दिशेने. लहान लहान वर्तुळात तिंबा, मिनिटभर पुरे. ताणामुळे होणारी, कपाळाला पट्टा आवळल्यासारखी डोकेदुखी असेल तर इथे अनेकांना लगेच उतार वाटतो. मला स्वतःला सगळ्यात जास्त गुण या दोन खळग्यांनी दिला आहे.

शेवटी एकेक हात दोन तळव्यांत घेऊन खांद्यापासून मनगटापर्यंत घुसळा, मग मनगट धरून हात हलका झटकत लहर खांद्यापर्यंत जाऊ द्या. पोकळ तळव्याने खांदे-पाठ अर्धा मिनिट थोपटा. संपलं. लगेच उठवू नका, मिनिटभर बसू द्या. चीनमध्ये यानंतर पेलाभर गरम पाणी देतात. ते प्यायला छान वाटतं, पण त्याने 'शरीरातली विषं' वाहून जात नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं मालीश न करताही करत असतात.

दुसऱ्या दिवशी थोडं आंबणं स्वाभाविक आहे. निळे-काळे डाग पडले किंवा दुखणं दोन दिवसांनंतरही टिकलं तर दाब फार झाला. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे करून बघा. तीन आठवड्यांत फरक नाही, तर कारण वेगळं आहे. तपासून घ्या.

स्वतःच्या हाताने करायचे थोडे

बिंदू शोधायचं माप 'त्सुन'. ज्याच्यावर उपचार, त्याच्याच अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन आणि त्याचीच चार जुळवलेली बोटं म्हणजे तीन. मुलाच्या पायावर बापाची बोटं मोजून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित केल्या आहेत. घरी पाच-सहा पुरतात.

घाटात उलट्या होणाऱ्यांनी नेइ-ग्वान, 'आतली खिंड', लक्षात ठेवावा. तळहाताकडच्या बाजूला मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मधोमध हाताला लागणाऱ्या दोन दोऱ्यांच्या, म्हणजे कंडरांच्या, मध्ये. एकेका हाताला दोन-तीन मिनिटं दाबत राहा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूच्या चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत आणि निकाल अनुकूल आहेत. गाडी लागण्यावर तेवढा भक्कम पुरावा नाही, पण दाबून तोटा नाही. मी खंबाटकीत दाबतो.

गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर त्सू-सान-ली आहे, 'पायाचे तीन ली'. ली हे अंतराचं चिनी माप, सुमारे अर्धा किलोमीटर. दमलेला वाटसरू हा बिंदू दाबून आणखी तीन ली चालतो, असं तिथले लोक सांगतात. आपले वारकरी मुक्कामावर एकमेकांच्या पोटऱ्या दाबतात, तेव्हा अंगठा फिरत फिरत याच्या आसपास जातोच.

बद्धकोष्ठावर मो, म्हणजे पोटावर हात फिरवणं. उताणं झोपून गुडघे वर घ्या, तळवा बेंबीवर, आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वर्तुळं मोठी करत न्या. मोठ्या आतड्यातला मळ त्याच दिशेने पुढे सरकतो. सकाळी अंथरुणातच पाच मिनिटं. हे गुन-फाच्या उलट आहे. इथे दाब नाहीच, मांजराच्या अंगावरून फिरवावा तसा हात.

गुण किती, आणि कुठे नाही

कंबर आणि मान आखडणं, कामाने आंबलेलं अंग, ताणाची डोकेदुखी, अस्वस्थ झोप: इथे मालिशीचा उपयोग होतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनी नव्या कंबरदुखीत औषधांआधी करून बघायच्या उपायांत शेकासोबत मालीशही घातली, आणि पुरावा फार पक्का नाही हेही नोंदवलं. मला ही भूमिका पटते. आराम खरा आहे, पण तो बहुधा काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा असतो. बसण्याची पद्धत आणि व्यायाम बदलले नाहीत तर दुखणं परत येतं.

चिनी वैद्यक याचं कारण 'छी' नावाच्या प्राणशक्तीत आणि तिच्या वाहिन्यांत शोधतं. शवविच्छेदनात अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. स्नायू सैल होणं, मज्जासंस्थेने वेदनेचा आवाज कमी करणं, कुणीतरी वीस मिनिटं आपल्याकडे पूर्ण लक्ष देणं, ही कारणं मला पुरेशी वाटतात. मणक्याची सरकलेली गादी हाताने 'आत बसवतो', मधुमेह घालवतो, गुडघ्याची झीज भरतो असं कोणी सांगू लागला की चप्पल घालून निघायचं.

बाहेर कोणाकडे जायचं असेल तर पाटीवर न जाता तीन गोष्टी पाहा. त्याने आधी प्रश्न विचारले का? कुठे आणि किती वर्षं शिकलात याचं सरळ उत्तर दिलं का? "दुखतंय" म्हटल्यावर हात थांबला का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये तुईनाच्या प्रशिक्षणाचे किमान निकष छापले आहेत, ते शेकडो तासांचे आहेत, शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे नव्हेत. चीनमध्ये असाल तर अंध मालीशवाल्यांची दुकानं जरूर बघा. तिथे अनेक अंध लोक रीतसर शिकून या व्यवसायात आहेत, आणि हातानेच बघायची सवय असलेल्या माणसाला गाठ कुठे आहे हे सांगावं लागत नाही.

राहता राहिले तुमचे स्वतःचे हात. अंगठे लवकर दुखावतात, म्हणून अंगठ्याचं काम दिवसात एखाद्यावरच करा, बाकी गुन-फाने भागवा. आठवडाभर कोणाला मालीश केली नाही तरी पिशवीवर पाच मिनिटं हात चालवत राहा, नाहीतर मनगट पुन्हा ताठ होतं. पावसाळ्यात पिशवीतल्या तांदळाला पोरकिडे लागतात. भरतानाच कडुलिंबाची वाळलेली पानं मूठभर टाकली तर दिवाळीपर्यंत बघावं लागत नाही.